फिरत्या टेबलाचा तिसरा पाय

पर्थ, रविवार

प्रिय तॅमसिन,

होबार्टला कडाक्याची थंडी असेल, स्वेटर नेलास ना? तुझा कुत्रा मजेत आहे. माझी खुर्ची त्याने बळकावली आहे. परवा दहाच्या चहाला वर्कशॉपमधला नील विचारत होता, तुझी मुलगी करते तरी काय? मी म्हटलं, प्रकाशाचा वेग कुठल्याही दिशेला तोच राहतो का, हे ती मी घडवलेलं टेबल फिरवून बघते. "शंभर वर्षं तोच आहे की, मग अजून काय बघते?" म्हणे. त्याला काय सांगू! न बदलणारी गोष्ट खरंच बदलत नाही, हे दरवेळी आणखी बारकाईने तपासायला केवढी छाती लागते, ते चौदा आठवडे मी पाहिलंय.

टेबलाच्या प्रत्येक फेरीत वेगाचा आकडा हलायला लागला, तेव्हा सगळी प्रयोगशाळा हवेत होती. तुझ्या साहेबाने, हॅलोरनने, शॅम्पेनसुद्धा आणून ठेवली. निसर्गाचा नियम मोडलेला दाखवला म्हणून जगभर नाव झालं असतं, ते तुझंच. आणि तू काय केलंस, तर टेबलाच्या तिसऱ्या पायाखाली मुद्दाम पातळ पत्रा सरकवलास. आकडा दुप्पट हलला. मग पत्रा काढून टेबल नीट सपाट केलंस, तर तो गप्प बसला. प्रकाश होता तसाच होता, कललं होतं टेबल. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "टेबल सपाट ठेवणं माझं काम होतं. चूक माझी आहे." मी मागे उभा होतो. अभिमानाने ऊर भरून आला, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

का फुटला नाही, ते आता लिहितो. दर शुक्रवारी टेबल सपाट आहे का ते दाखवणाऱ्या लेव्हलमधला बुडबुडा बघून टेबलाच्या पायाला टांगलेल्या कार्डावर सही करायची, हे काम माझं. मोतीबिंदूमुळे एप्रिलपासून तो बुडबुडा मला दिसतच नव्हता. नोकरी जाईल या भीतीने न बघता सह्या ठोकत राहिलो. माझ्या सह्या कुणाला दिसू नयेत म्हणून ते कार्ड तू गुपचूप काढून घेतलंस, हेही मला ठाऊक आहे. पण तुझ्या नव्या नोकरीसाठी हॅलोरनने होबार्टला लिहिलं, 'हुशार, पण निष्काळजी'. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागेना. शुक्रवारी त्याच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आलो. माझ्यासमोरच त्याने नवं पत्र लिहून पाठवलं. उद्यापासून मी वर्कशॉपमध्ये नाही. मुलाखतीत कुणी त्या टेबलाचं विचारलं, तर माझं नाव घे, कचरू नकोस. माझी पोरगी आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही बापासाठी. ते ओझं आता तुझ्यावर नको.

तुझाच, ताठ मानेचा,
बाबा