दुसरे वेटोळे

ता. ३ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? नुसतं "ठीक" लिहिलंस तर मी काकूला विचारेन.

बाबांच्या मोटरच्या पाटीचा पेटंट-अर्ज तयार झालाय. मोटरचा दांडा किती फिरला, ते न शिवता सांगणारी, तांब्याच्या वेटोळ्यांची तीच पाटी. पण ती बांधून चालवली मी, तेव्हा संशोधक म्हणून नाव एकटं माझं घातलंय. नवेपण सगळं दुसऱ्या वेटोळ्यात आहे, आणि बाबांच्या वहीत ते ज्या शेवटच्या पानावर आहे, तिथेच साक्षीदार म्हणून तुझी सही नाही. बाकी प्रत्येक पानाखाली "वाचले, समजले" आणि तू. आमच्या कंपनीचे साहेब म्हणतात, आईंना आता सही करू दे, तारीख दोन वर्षांपूर्वीची घाला. नाहीतर बाबांचं नाव जाणार नाही. अर्ज वीस तारखेला निघेल. काय करू?

तुझ्या मायेची भुकेली,
ठमा


ता. ७ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठीक आहे. काकूला विचारू नकोस, ती स्वतःच लंगडते आहे.

खोटी तारीख मी घालणार नाही. दर रविवारी सकाळी तुझे बाबा वही माझ्यापुढे ठेवत. मी सातवी शिकलेली. न समजता सही करणार नाही म्हटल्यावर त्यांना समजावून सांगणे भाग पडले. अँटेना म्हणजे काय, हे मी भाजी निवडता निवडता शिकले. उरलेले वाचनालयातल्या पुस्तकांतून.

त्या रविवारी पानावर एकच वेटोळे होते. अँटेनासारखीच तांब्याची रेघ, आणि तिच्यासमोर सरकणारे, दांड्यावर बसवलेले पत्र्याचे पान. मी विचारले, पान उजवीकडे सरकले काय आणि तेवढेच डावीकडे सरकले काय, वेटोळे एकच सांगणार. मग मोटरने खरे काय धरायचे? त्यांनी वही परत स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, तुला उगाच स्वयंपाकघर दिले, कारखाना द्यायला हवा होता. चहा तसाच ठेवून त्यांनी पाव फेऱ्याच्या अंतरावर दुसरे वेटोळे काढले. पहिले जिथे गोंधळते, तिथे दुसरे नेमके सांगते.

मला ते तेव्हा नीट उमगले नाही. उद्या सही करते, म्हटले. सोमवारी ते कामावर गेले ते परत आले नाहीत.

मी अडून बसले नसते तर आज त्यांचे नाव अडले नसते. हे मनाला लागते. पण एक सही डोळे मिटून केली असती, तर बाकीच्या सह्यांना कोण विचारणार? जे घडले ते असे. साहेबांना हेच पत्र दाखव.

जेवणखाण वेळेवर कर.
तुझी आई


ता. १५ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दाखवलं. साहेब म्हणाले, बायको नवऱ्याच्या बाजूनेच लिहिणार. आमच्या वकीलबाईंनी मात्र दोनदा वाचलं. नवऱ्याचं नाव घुसवायला निघालेली बाई "मला उमगलं नाही" असं कशाला लिहील, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी वही मागवली. त्या पानाच्या कोपऱ्यात बाबांनी बारीक अक्षरात लिहिलंय, "हिची शंका: डावे की उजवे? म्हणून दुसरे." खाली त्या रविवारची तारीख. मी ते शंभरदा पाहिलं होतं, पण घरातलं काही असेल म्हणून सोडून दिलं होतं. साहेबांनी अर्ज बदलायला दिला.

तुझंही नाव घालायचं का, असं वकीलबाई विचारतायत. थट्टा नाही. कळव.

अशीच रागावत राहा,
ठमा


ता. २४ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वकीलबाईंना नमस्कार सांग. शंका तर मी भाजीवाल्यालाही विचारते, म्हणून त्याचा मळा माझा होत नाही. शोध ह्यांचा, आणि तो उभा करून फिरवून दाखवलास तू. दोन नावे पुष्कळ झाली.

अर्जाची प्रत काल मिळाली. चष्मा पुसून पुसून वाचली. पहिले नाव त्यांचे, पुढे "मृत" लिहिले आहे, आणि मग तुझे. काकूने तो शब्द पाहून प्रत माझ्या हातातून काढून घेतली, मला वाईट वाटेल म्हणून. मी परत घेतली. दोन वर्षे मी हाच शब्द लिहिते आहे, बँकेत, विजेच्या कचेरीत, टेलिफोनवाल्यांकडे. जिथे लिहिला तिथून त्यांचे नाव कमी झाले. हा शब्द असूनही त्यांचे नाव चढले, असा कागद मला पहिल्यांदाच मिळाला.

सुट्टी मिळाली की ये. मी वाट पाहते आहे.
तुझी आई