दिपेशकाकाच्या बोर्डावर टाकायचा निरोप

प्रगती,

आजीचा श्वास पहाटे फारच चढला, म्हणून तिला जीपने नाशिकला नेतोय. तुला उठवलं नाही. नाचणीची भाकरी झाकून ठेवली आहे, ती खाऊन मगच पुढचं काम कर.

भांडण झाल्यापासून दिपेशकाका आपल्यापैकी कोणाचा मोबाइल उचलत नाही, पण ठाण्याहून चालवतो तो जुना, फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटरने जोडायचा बुलेटिन बोर्ड रोज वाचतो. तिथे निरोप टाक. शिकवलं तसं जुना कॉम्प्युटर लाव आणि मोडेमचा वेग बाराशेवरच ठेव. या फायबरच्या फोनवर त्याहून वाढवला की अक्षरं फुटतात. मोडेम किंचाळून गप्प झाला की दोनदा एंटर दाब. नाही लागला तर पुन्हा लाव, घाई नको. त्या बोर्डावर देवनागरी उमटत नाही, इंग्रजी अक्षरांत मराठी लिही.

एवढंच लिही: ‘आईला नाशिकला नेलं. इथले डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.’ भांडणाचा एक शब्दही नको.

लाइन तुटेल म्हणून भिऊ नकोस. आजवर ती आजीमुळे तुटायची. मोडेम किंचाळला की ती आतल्या खोलीतला त्याच लाइनवरचा फोन उचलून विचारायची, “दिपू, जेवलास का रे?” पलीकडे मशीन आहे, हे मी कितीदा सांगितलं, तिला पटलं नाही.

आज फोन उचलायला ती घरात नाही. निरोप पुरता जाईल.

आजोबा