टोमॅटोची काळी दोरी

निमगाव केतकी

सौ. धोंडाबाईस आशीर्वाद.

मी आपल्या संजीवनीकडे सुखरूप आहे. तुझा गुडघा कसा आहे?

टोमॅटो बांधायची, मातीत कुजणारी प्लास्टिकची पांढरी दोरी गेल्या वर्षी उन्हाने भुगा झाली आणि झाडे लोळली. यंदाच्या दोरीत ऊन सोसावे म्हणून काजळी घातली आहे म्हणे. तरी धास्तीने मी रोज ओढून पाहायचो. जावईबापू म्हणाले, "मामा, उन्हानं न्हाय, तुमच्या हातानंच तुटंल!"

काल शेवटचा तोडा झाला. एकही झाड लोळले नाही. फार बरे वाटले.

आता दोरी मातीत गाडली आहे. पण एवढी चिवट दोरी कुजेल का, हा नवा घोर लागला आहे. कुजायला लागलेली पाहिली की लगेच निघतो. तोवर गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझ्या काळजीत,
सोपान