बोलणाऱ्यांची नावे

कात्रप, बदलापूर
७ जानेवारी २०२५

श्रीमती सरस्वती म्हात्रे यांस,
स. न. वि. वि.

आपली नात चिमी, सहावी ब, हिने काल शिस्त सप्ताहाच्या उद्घाटनात गैरवर्तन केले. संस्थेचे सचिव मैदानावर 'शांततेचे महत्त्व' या विषयावर बोलत होते. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायचे काम मॉनिटर म्हणून चिमीकडे होते. तिने पहिले नाव सचिवांचे लिहिले आणि त्यापुढे पाच फुल्या मारल्या. तिचे आईवडील कामानिमित्त सुरतेला असल्याने पालक म्हणून आपल्याला कळवत आहे. शनिवारपर्यंत लेखी माफी न आल्यास शाळेचा दाखला न्यावा लागेल.

वहिनी, शाळेत मी मुख्याध्यापिका आहे, नणंद नाही. फोनवर तू मला हसवतेस, म्हणून जे काय ते पत्राने. पाकीट बंद करून चिमीच्याच दप्तरातून पाठवते.

कळावे,
माया ठोंबरे


अंबरनाथ
८ जानेवारी

सौ. मायास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट जसंच्या तसं मिळालं. आरोपीच पोस्टमन, पण तिनं ते उघडलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर भागवलं. त्यामुळे 'गैरवर्तन' हा शब्द दोनदा वाचला आणि मगच तिला विचारलं. ती म्हणाली, जो बोलेल त्याचं नाव, आणि दर दहा मिनिटांनी एक फुली, असा नियम आहे. साहेब पन्नास मिनिटं बोलले. पाहुण्यांचं नाव लिहायचं नसतं, असं मी सांगितलं. तर म्हणाली, मग मागच्या रांगेत बाई लोक साड्यांच्या सेलबद्दल बोलत होत्या, त्यांचं तरी लिहायला हवं होतं, पण खडू संपला.

आणि बडबड्या पोरीच्या हातात खडू दिला की ती आपोआप गप्प होते, हे शास्त्र कोणाचं? तूच दिवाळीत माझ्या गॅलरीत करंज्या खाताना सांगितलंस.

तुझ्या दादाला जाऊन चार वर्षं झाली. दुपारी घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. साडेपाचला शाळेची व्हॅन थांबते आणि जिन्यापासून हिचं तोंड सुरू होतं. त्या आवाजावर माझा दिवस चालतो. तेवढं ध्यानात ठेवून शिस्त लाव.

आहे तो जिव्हाळा राहू दे.
तुझी वहिनी


कात्रप
९ जानेवारी

ती. वहिनीस शि. सा. न.

केबिनचं दार लावून हसले. मग दार उघडलं आणि परत मुख्याध्यापिका झाले.

तुला गंमत वाटते, पण एका वर्गात बेचाळीस मुलं आहेत. गेल्या वर्षी बाकांवरून उड्या मारताना एकाच्या डोक्याला चार टाके पडले. तेव्हा पालक मलाच विचारायला आले होते, तुमच्या शाळेत शिस्त नाही का म्हणून. आता सचिवांचे तीन फोन आले. घरची पोर म्हणून पाठीशी घालते, असंही बाहेर बोललं जातंय. वर्षाच्या मध्यात तिला दुसरी कोणती शाळा घेणार? माफी पाठव. मनापासून नसली तरी चालेल, अक्षर चांगलं असू दे.

राग धरू नकोस.
माया


अंबरनाथ
१० जानेवारी

सौ. मायास अ. उ. आ.

सोबत माफीपत्र. चार वेळा लिहून घेतलं. पहिल्यात तिनं लिहिलं होतं की, साहेब मध्ये पाणी प्यायले तेवढा वेळ गप्प होते, तरी एक फुली कमी करते. तो कागद मी फाडला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. दुसऱ्या, तिसऱ्यातही थोडी थोडी ती होती. चौथ्यात अजिबात नाही, म्हणून तो पाठवतेय. अक्षर चांगलं आहे.

वहिनी


अंबरनाथ
१६ जानेवारी

सौ. मायास आशीर्वाद.

माफीपत्र 'आदर्श' म्हणून सूचनाफलकावर लावलंय, असं व्हॅनवाल्या प्रीतमकडून कळलं. चिमीनं सांगितलं नाही. ती काहीच सांगत नाही. व्हॅन येते, जिना चढल्याचा आवाज येतो, मग दप्तर ठेवल्याचा. संक्रांतीला चाळीतल्या सगळ्या बायकांनी तिळगूळ देऊन गोड बोल म्हणून सांगितलं. तिनं घेतला, खाल्ला, बोलली नाही.

तुमचा सप्ताह यशस्वी झाला म्हणायचा. त्यात अर्धा हात माझा आहे, तो मी नाकारत नाही. पण असली शांतता मला सवयीची आहे, अकरा वर्षांच्या पोरीला तिची सवय मी लागू देणार नाही. इथल्या पालिकेच्या शाळेत विचारून आले, घेतो म्हणाले. दाखला तयार ठेव. सोमवारी येते.

वहिनी


कात्रप
१८ जानेवारी

ती. वहिनीस शि. सा. न.

हे पत्र प्रीतमच्या हाती देते.

दाखला लिहायला मीच बसले. त्यात 'वर्तणूक' असा रकाना असतो. आमचा क्लार्क तिथं सगळ्यांनाच 'चांगली' लिहितो, बाकं मोडणाऱ्यांनाही. मी पेन धरून बसले. चांगली लिहावं, तर मग तिला जाऊ का देतेय? दुसरं काही लिहायला मन होईना.

शिक्षकखोलीत सगळे म्हणतात, चिमी सुधारली. म्हणून काल तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. पूर्ण तास ती भिंतीकडे बघत होती. दादा गेला त्या वर्षी तू गॅलरीत अशीच बसायचीस.

वहिनी, मी दाखला लिहिला नाही. माफीपत्र फलकावरून काढलं. सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर सांगणार आहे की, चिमीनं मी दिलेलं काम नियमाप्रमाणे केलं, आणि तिला माफी मागायला लावली ही चूक माझी. सचिवांना कळवलं. ते म्हणाले, मग तुमच्या जागी दुसऱ्या बाई बघाव्या लागतील. बघोत.

तू सोमवारी ये, पण कागद न्यायला नको. पुढच्या रांगेत, तिला दिसशील अशी उभी राहा. मी माफी मागितल्यावर ती काहीतरी बोलेल, असं वाटतंय. मला टाकून बोलली तरी चालेल. नाहीच बोलली, तर काय करायचं ते मला माहीत नाही, आणि हे बावीस वर्षं शिकवून झाल्यावर मी तुला लिहितेय.

जमलं तर लोभ ठेव.
माया