जिथे माझा हात पोहोचत नाही

४ मार्च

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवरचे नि मांडीवरचे वर्तुळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले — नापास मुलाकडे पाहावे तसे. "कुठलं मलम लावत होता, आजोबा?" औषधवाल्याने दिलेले, खाज लगेच थांबली होती. "स्टेरॉइड आहे त्यात. खाज निजवली त्यानं, बुरशीला मात्र रान मोकळं!" खाज गेली म्हणून रोग गेला — जन्मभर तर्कशास्त्र शिकवून मीच हा हेत्वाभास केला!

आता बुरशीनाशक मलम. सकाळ-संध्याकाळ, अंग कोरडे करून, वर्तुळाच्या कडेबाहेरही लावायचे. दिसेनासे झाले तरी सोडायचे नाही. "नायटा पाहुण्यासारखा. निघतो निघतो म्हणतो, नि उंबऱ्यातच उभा."

५ मार्च

मांडीवरच्या नायट्याला लावतो. पाठीच्या मध्यावर हात पोहोचत नाही. फोनवर लेक — "आई गेल्यापासून पाठीला मलम लावायलाही माणूस नाही तुम्हाला! महिनाअखेर बरं झालं नाही तर घराला कुलूप, माझ्याकडे यायचं. हट्ट पुरे, बाबा." कबूल केले. अट न्याय्य होती. म्हणूनच धास्ती वाटली.

११ मार्च

पळीला कापूस बांधून पाहिला. मलम भिंतीला लागले, पाठीला नाही. नाद सोडला.

२० मार्च

खाज फक्त मांडीला.

२९ मार्च

तपासणी. मांडीवरचे वर्तुळ रेंगाळले आहे. पाठ जवळजवळ स्वच्छ! "पाठीला कोण लावतं? कडेबाहेर बोटभर, सांगितलं अगदी तसं. अजून ओलं आहे बघा." कोणी नाही, म्हणालो. बाई हसल्या. "बरं, नका सांगू!"

घरी येऊन मांडणी केली. आपोआप बरे झाले म्हणावे, तर ओले मलम कुठले? मीच लावून विसरलो म्हणावे, तर विस्मरणाने हाताची लांबी वाढत नाही. उरलेला पर्याय लिहायला लेखणी धजत नाही.

लेकीला कळवले — बरा होतो आहे, येत नाही. "मग लावलं कोणी?" मी फोन ठेवला.

३० मार्च

नायटा स्पर्शाने पसरतो. तेव्हा रोज माझ्या पाठीला हात लावणाऱ्यालाही तो झालाच असणार. नवी ट्यूब आणून हिच्या रिकाम्या उशीपाशी ठेवली.

३१ मार्च

सील फोडले आहे. ट्यूब मधोमध चेपली आहे — आयुष्यभर सांगूनही ही शेवटापासून दाबत नाही!