पेटीतली कुंची

गेवराई,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोहिनीताई,

अंजलीचा नमस्कार. तुम्हाला आणि जावईबापूंना प्रेम, लिनला गोड पापा. इकडे सगळे ठीक आहोत. आईंचा गुडघा कुरकुरतो, पण आवाज खणखणीत आहे. तुमच्या दादांच्या वाइंडिंगच्या दुकानात शेतातल्या पाण्याच्या जळक्या मोटारींची रांग लागलीय, म्हणजे उन्हाळा आलाच समजा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. ताई, आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. तुमचा व्हिडिओ कॉल आला की आई मध्यभागी, शेजारच्या मुक्ताबाई खिडकीत, आणि मी मागे, नुसती कपाळापुरती दिसणारी. तिथे मनातलं कधी बोलणार? म्हणून हे पत्र लिनच्या पार्सलमधल्या परकराच्या घडीत लपवून धाडतेय.

तुम्ही मागे विचारलं होतंत, आई खरंच खूश आहेत की फोनपुरत्या? ताई, निर्धास्त राहा. लिन व्हिएतनामहून दत्तक म्हणून तुमच्या घरी आल्यापासून आईंचे पाय जमिनीवर नाहीत. आख्ख्या गल्लीला तिचा फोटो दाखवून झालाय. मुक्ताबाई म्हणाल्या, "नाकानं जरा बसकी हाय." तर आई लगेच, "तुज्या नातवाचं नाक बघ की आधी!"

मे महिन्यात तुम्ही आलात की लिंबागणेशच्या गणपतीपुढे तिचं जावळ काढायचं ठरवून बसल्यात. मी म्हटलं, आई, पोर चार वर्षांची आहे. तिकडच्या संस्थेत कितीदा तरी केस कापले असतील तिचे.

"मामाच्या मांडीवर कुठं कापलेत? ते न्हाई धरायचं," म्हणाल्या. विषय संपला. तुमचे दादा तेव्हापासून नवीन धोतर घेऊ की पँट चालेल, या विचारात आहेत.

मग आई म्हणाल्या, "अन् कुंची पायजे. तुज्या पेटीत हाय की एक नवीकोरी. ती धाड."

ताई, पार्सलमध्ये हिरवा परकर आहे, पोलकं आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. कुंची नाही. एवढ्या मोठ्या पोरीच्या डोक्याला ती बसणार नाही, असं मी आईंना सांगितलं. ते खोटं नाही. पण कारण ते नाही.

ती कुंची मी शिवली तेव्हा तुम्ही नर्सिंगला होस्टेलवर होतात. तुम्हाला कुणी काही कळवलं नाही. दवाखाने करून आम्ही थकलो होतो. बीडच्या एका शिशुगृहात आम्ही एक मुलगी बघून आलो. पाच महिन्यांची होती. तिनं माझा पदर मुठीत धरला तो सोडेचना. घरी आल्या आल्या मी खणाचं कापड काढून शिवायला बसले. काठाला मोती लावले.

आईंनी विचारलं, "कुनाची हाय? कंच्या जातीची?" आम्हाला माहीत नव्हतं. तिथंच सगळं थांबलं. आईंपुढे हट्ट ना तुमच्या दादांनी धरला, ना मी. कुंची पेटीत गेली. पुढं कळलं, त्या मुलीला परदेशातल्या एका जोडप्यानं नेलं. मी अजून कधी कधी हिशेब लावते, आता कितवीत असेल. तिकडच्या कुण्या आजीनं तिची जात विचारली नसेल.

हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नसतं. पण मागल्या आठवड्यात मुक्ताबाईंनी आईंना विचारलं, लिनची जात काय धरायची? आई हसल्या. "अगं, दुसऱ्या देशात कुटली आलीय जात! लेकरू हाय ते, लेकरू."

मी चहा गाळत होते. मला राग आला, ताई, लई राग आला. लिनचा नाही, देवाशपथ. ती आल्याचा आनंद मला तुमच्याइतकाच आहे. पण बीडचं लेकरू लेकरू नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानावर गेले आणि तुमच्या दादांना हे सांगितलं. ते तांब्याची तार गुंडाळत होते. तार खाली ठेवून म्हणाले, "लिननं मला फोनवर मामा म्हनलं ना, तवापासून मलाबी कायतरी व्हतंय. लई उशीर झाला का गं?"

मी म्हटलं, तान्हं मिळायला झाला. मोठं मिळायला नाही.

तर ताई, आम्ही अर्ज केलाय. पाच-सहा वर्षांचं, मुलगा असो की मुलगी. आईंना अजून ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात संस्थेच्या बाई घर बघायला येणार आहेत. त्या घरातल्या मोठ्यांनाही विचारतात, तुमची संमती आहे का. आई तेव्हा पुन्हा तोच प्रश्न विचारतील, याची मला भीती वाटते. या वेळी नाही झालं तर पुन्हा होणार नाही.

आईंनी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. रविवारी फोन कराल तेव्हा लिनला मांडीवर घ्या, आणि सगळ्यांसमोर, मुक्ताबाईंसमोरसुद्धा, आईंना एवढंच विचारा: दादाच्या घरी असंच एक लेकरू आलं, तर तिथंही तू ‘लेकरू हाय ते’ असंच म्हणशील ना? मी मागे उभी असेन. त्या दिवशी माझं तोंडही दिसू द्या.

कुंचीसाठी राग धरू नका. माझ्या लेकरालाही ती बसणार नाही, कळतं मला. पण ते या घरात आलं की पहिल्याच दिवशी ती त्याच्या हातात द्यायची आहे, आणि सांगायचं आहे की तुझी वाट फार आधीपासून बघतोय.

तुमची वहिनी, लिनची मामी,
आणि अजून कुणाची तरी होऊ बघणारी आई,
अंजली