नावाड्याचे हात

३ फेब्रुवारी
एकदाची नोकरी लागली आणि घरही मिळालं! दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, उत्तरेला मोठी खिडकी. दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून बाबांनी सामान सोडायच्या आधी ती काढली, तेल घातलं आणि परत बसवलीसुद्धा. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. आई गेल्यापासून त्यांना मी आणि मला ते.

जेवताना त्यांना माझं काम समजावलं. गेममधल्या वस्तूंना, माणसांना वरचा पोत चढवायचा. पडद्यावर छोटे चौकोन असतात, त्यांना नोड म्हणतात. एक रंग देतो, एक सुरकुत्या, एक चकाकी. ते तारांनी जोडत गेलं की शेवटच्या चौकोनातून लाकूड, लोखंड, कातडी, हवं ते बाहेर पडतं. बाबा म्हणाले, म्हणजे पॉलिशवालीच की तू! एवढं शिकून सवरून आलीस ती आमच्याच धंद्यात.

६ फेब्रुवारी
आमच्या विभागप्रमुखांना सगळे भिंगबाई म्हणतात. पडद्याला नाक लावून एकेक ठिपका तपासतात, पण मनाने मऊ. त्यांनी मला एक म्हातारा नावाडी दिलाय, त्याच्या हातांची कातडी करायची आहे. म्हातारे हात म्हटल्यावर मी दुसरीकडे कुठे बघणार? बाबांना खिडकीपाशी बसवून भरपूर फोटो काढले. हात दाखवून अवलक्षण नको हं, असं म्हणत होते आणि स्वतःच बोटं ताणून धरत होते.

डाव्या अंगठ्याच्या नखाला भेग आहे, ती पटाशीची धार लागून पडलेली. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तो माझ्यामुळे. मी चार वर्षांची असताना लाकूड चिकटवायच्या उकळत्या सरसाचं भांडं माझ्यावर कलंडलं आणि त्यांनी मध्ये हात घातला. प्रत्येक खुणेचा मी वेगळा नोड केला. इतकं मन लावून मी आजवर काही केलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी
भिंगबाईंना हात फार आवडले. फक्त नावाड्याला भाजल्याचा डाग कशाला, म्हणाल्या, शिवाय गेम जड होतो. मी त्या नोडची तार काढली. एका क्षणाचं काम.

संध्याकाळी बाबा बाह्या सरसावून कपबशा विसळत होते. मनगटावर डाग नव्हता. उजेडाचा दोष असेल म्हणून त्यांचा हात दिव्याखाली धरला. कातडी कोरी. सरसाच्या भांड्याचं विचारलं तर हसले. असं काही झालंच नाही, म्हणाले, तुझ्यावर मी सरस सांडू देईन होय?

१३ फेब्रुवारी
सकाळी गेल्या गेल्या तार परत जोडली.

अकराला शेजारणीचा फोन आला. बाबा ओरडत होते. मनगट ताजं भाजलेलं, टरारून फोड आलेले. शेगडी बंद, किटली थंड. कशाने भाजलं ते त्यांना सांगता येईना. आठवण परत आलीच नाही, नुसती आग परत आली. डॉक्टर पट्टी बांधत होते आणि बाबा लहान मुलासारखे मला विचारत होते, मी काय केलं होतं गं?

१८ फेब्रुवारी
पाच दिवस रजेवर आहे. आज बाबांनी रंधा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, हे कशाचं हत्यार? मी त्यांचा अंगठा बघितला. नख अखंड.

कचेरीत फोन केला. तू नव्हतीस म्हणून मीच थोडं हलकं केलं, भिंगबाई म्हणाल्या, सहा नोड काढलेत. मी रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझी आईही अशीच विसरत गेली गं. कशाला तरी दोष द्यावासा वाटतो.

नोड परत जोडा, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चाळीस वर्षांचे घाव एकाच दिवशी —

२० फेब्रुवारी
बाबांचे तळहात गुळगुळीत. आई बाजारातून आली नाही का अजून, विचारतात. येईल, म्हणते मी.

मला ‘अहो’ म्हणायला लागलेत.

२१ फेब्रुवारी, दुपार
भिंगबाईंचा फोन. फाइल आज चारला पक्की करणार. सगळे नोड वितळवून एकच सपाट चित्र. मग तारा उरत नाहीत. सोडायला नाहीत, जोडायलाही नाहीत. पाया पडते, थांबवा म्हटलं. बघते, म्हणाल्या. काम आता वरच्या मजल्यावर गेलंय —

पावणेचार. बाबा खिडकीत उभे आहेत. मघाशी अगदी नम्रपणे म्हणाले, “बाई, तुम्ही आता निघा. माझी मुलगी शाळेतून येईल. अनोळखी माणूस दिसलं की घाबरते ती.”

बाबा, मीच ती, म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला. नाही म्हणाले. तिचा हात एवढासा आहे. बोटांनी माप दाखवलं.

भिंगबाईंचा फोन लागत नाही.

चार. डाव्या हातात त्यांचा हात, उजव्याने लिहितेय. त्यांच्या तळव्यावरच्या रेषा जातायत. करंगळी — मग पुढचं बोट — गार लागतंय. शाळा सुटली का, विचारतायत. हो म्हटलं. सुटली, बाबा. ती निघाली. येतेच आहे. जिन्यापाशी आली, आता वर —